'हीरो' पाहून आल्यावर शहाण्यासारखं कसं बोलावं

परवा आमच्या फिल्म क्लबात चिनी दिग्दर्शक झांग यिमौचा 'हीरो' दाखवला. नंतरच्या चर्चेत मी एवढंच विचारलं, की हा सिनेमा शेवटी बाजू कोणाची घेतो? एक गृहस्थ कळवळून म्हणाले, "अहो, तुम्ही फ्रेम बघा ना, फ्रेम!" आणि माईक पुढे गेला. तेव्हापासून मी सुधारलोय. तुमच्यावरही वेळ येईल, म्हणून चार सूचना.

गोष्ट सांगायची नाही, रंग सांगायचे. लाल, निळा, पांढरा, हिरवा. पिवळ्या पानांत दोघी तलवारी घेऊन भिडतात, एक मरते आणि सगळं रान लालभडक होतं. इथे डोळे मिटून 'आहाहा' म्हणायचं. (दृश्य आहाहा आहेच. तीच तर पंचाईत.)

कॅमेरामन ख्रिस्तोफर डॉइल. नाव पाठ करा.

मध्येच जपानी दिग्दर्शक कुरोसावा टाकायचा. कुठेही चालतो.

तरीही कोणी राजाचा विषय काढलाच, तर ठेवणीतलं वाक्य काढायचं: "कलेत राजकारण आणू नका." म्हणजे असं, की मारेकरी छिन या जुन्या चिनी राज्याच्या राजापासून दहा पावलांवर पोचतो आणि हा राजा देश एक करणार म्हणून त्याला जिवंत सोडतो, हे राजकारण नाही. मग त्याच राजाच्या हुकमाने मारेकऱ्यावर बाण सुटतात, दारावर बाणांचं रान उगवतं आणि मधोमध माणसाएवढी जागा मोकळी राहते, हीसुद्धा नुसती फ्रेम. याच सिनेमात छिनचे बाण छपरं फोडून आत येत असताना सुलेखनाच्या शाळेतला म्हातारा गुरू जागचा हलत नाही, पोरं अक्षरं गिरवत राहतात. काय ताठ कणा! आणि शेवटी मोठेपणा कोणाला? त्या बाणांच्या धन्याला. इ.स.पू. 221 मध्ये तो पहिला सम्राट झाला, आठ वर्षांनी त्याने पुस्तकं जाळायला लावली. शेवटच्या पाटीवर देश एक झाल्याचं येतं, पुस्तकांचं अक्षर नाही. पण तुम्ही फ्रेम बघा!

दिग्दर्शकाला 'सरकारी' म्हणून मोकळं होणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: त्याचा 1994 चा 'टू लिव्ह' पाहू नका. त्यावर चीनमध्ये बंदी आली होती, उगाच मत डळमळेल. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा त्याने बसवला, तेवढंच लक्षात ठेवा. 2019 मध्ये त्याचाच सिनेमा बर्लिन महोत्सवातून ऐनवेळी 'तांत्रिक कारणाने' मागे घेतला गेला, हे विसरा. सोहळा बसवून दिलेल्यालाही 'तांत्रिक कारण' चुकत नाही, हे एकदा दिसलं की रंग बघायला मन लागत नाही.

बास झालं. सत्तेपुढे तलवार खाली ठेवावी, असं हा सिनेमा दीड तास घसा ताणून सांगतो, आणि तुम्ही म्हणता त्यात राजकारण मी आणलं? मी आणलं? तुम्हाला ते ऐकू येतं. चांगलं ऐकू येतं. फक्त त्यावर बोलायची वेळ आली की तुम्ही डॉइलच्या पाठीमागे लपता आणि विचारणाऱ्याला अडाणी ठरवता. राजा पटला असेल तर छातीठोक म्हणा, पटला म्हणून. मग भांडू आपण रात्रभर. तेवढी धमक नसेल तर चहा-बिस्कीट घ्या आणि मुकाट घरी जा.