सळई झाकण्याआधीची सही

महाराष्ट्रात एखादा पूल किंवा स्लॅब कोसळला की दोन मागण्या ठरलेल्या: ठेकेदाराला काळ्या यादीत टाका आणि स्ट्रक्चरल ऑडिट करा. सोबत हमखास ऐकू येतं, 'परदेशात असं होत नाही, तिथली माणसंच शिस्तीची.' मी हाँगकाँगमध्ये बांधकामाच्या गुणवत्ता तपासणीचं काम करतो. मला हे पटत नाही.

इथल्याच हुंग होम स्टेशनचं घ्या. २०१८ मध्ये उघड झालं की प्लॅटफॉर्मच्या स्लॅबमधल्या काही सळयांची आट्यांची टोकं कापली होती आणि त्या कपलरमध्ये, म्हणजे दोन सळया जोडणाऱ्या आट्यांच्या नळीत, पुऱ्या बसवल्याच नव्हत्या. चौकशी आयोग बसला. तपासणीच्या अर्जांचे कागद मागितले, तर कितीतरी सापडेनात. शेवटी ठिकठिकाणी काँक्रीट फोडून आत पाहावं लागलं. २०२० च्या अंतिम अहवालात, ठरलेल्या उपाययोजना केल्यावर बांधकाम सुरक्षित मानलं गेलं. पण तोवर ज्यांनी काम चोख केलं, त्यांच्यावरही संशय होताच.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानुसार ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटसाठी ४ नमुने, प्रत्येकाचे ३ ठोकळे, २८ दिवसांनी चाचणी. पण माझ्या तिथल्या पहिल्या नोकरीत हे रजिस्टर महिनाअखेरीला एका बैठकीत भरलं जायचं. पानभर एकच शाई, एकच हस्ताक्षर, सिमेंटचा एक डाग नाही. त्यावर मीही सह्या केल्या आहेत. आजही ते सलतं.

इथे काम सुरू होण्याआधीच तपासणीचा आराखडा ठरतो: काय पाहायचं, कुणी, कोणत्या टप्प्यावर. काही टप्प्यांना 'होल्ड पॉइंट' म्हणतात. तिथे सही झाल्याशिवाय पुढचं काम नाही. गेल्या महिन्यात एका भिंतीच्या तळाशी कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून दूर ठेवणारे छोटे ठोकळे, निसटले होते, सळई जवळजवळ साच्याच्या फळीला टेकली होती. बाहेर मिक्सर उभा, फोरमन सारखं घड्याळ दाखवतोय. मी सही केली नाही. ब्लॉक पुन्हा बांधले, टेप लावून फोटो काढला, वेळ लिहिली, मग सही केली. इथे येऊन मी काही जास्त प्रामाणिक झालो नाही. फक्त इथे माझी सही अडली की काँक्रीटचा पंप थांबतो. तिथे तो थांबत नव्हता.

म्हणून शिक्षेच्या मागणीइतकाच जोर मला सही अडवून काम थांबवण्याच्या या अधिकारावर हवा आहे. ऑडिट जरूर करा, पण हातोडा मारून किंवा ध्वनिलहरी सोडून झाकलेल्या सळईबद्दल बराचसा अंदाजच बांधता येतो. ती उघडी असताना पाहायला एकच दिवस मिळतो. तपासणीच्या नोंदीशिवाय त्या कामाचं बिल निघू नये, असं करारातच लिहा. आणि घर घेणाऱ्यांनी बिल्डरकडे आपल्या मजल्याच्या स्लॅबची नोंद मागावी: तारीख, वेळ, सही आणि काँक्रीट पडण्याआधीचा फोटो.