उजव्या हातातली अंगठी

डिसेंबरात साताऱ्याला भाचीचं लग्न आहे आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा दिवस जुंपली आहे. पोरीने एवढंच सांगितलं की मंगळसूत्र लग्नाच्या दिवशी घालेन, रोज नाही. रोज आम्ही दोघंही अंगठी घालू. त्यावर थोरल्या काकांचा निकाल आला: "अंगठी हे गोऱ्यांचं खूळ." खाली बारा अंगठे.

साखरपुड्यात स्वतःच्या बोटात घालून घेतली ती कुठली होती, असं काकांना विचारणार होतो. पण इथून, जर्मनीतल्या स्टुटगार्टहून काही बोललं की "तुझं तिकडे काय जातंय" हे ठरलेलं.

खूळ तर खूळ, पण जुनं आहे. रोमन लोक वाग्दत्त वधूला लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवत, असं पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो. अनामिकेतून एक शीर थेट हृदयाला जाते, ही समजूत दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहे. अशी खास शीर नसते. पण काळ्या मण्यांनी दृष्ट लागत नाही म्हणणाऱ्यांनी तिला हसू नये. शिवाय गोऱ्यांचंही या अंगठीवर कुठे एकमत होतं? सतराव्या शतकात इंग्लंडमधले प्युरिटन, म्हणजे कडवे प्रोटेस्टंट, तिला पोपचं थोतांड म्हणून झोडपत होते. काका त्यांच्यात छान रमले असते.

१४७७ साली ऑस्ट्रियाच्या राजपुत्र मॅक्सिमिलियनने आपल्या वाग्दत्त वधूला, बर्गंडीच्या मेरीला, हिऱ्याची अंगठी दिली. तेव्हा जगाला हिरे जायचे ते मुख्यतः हिंदुस्थानातून. ब्राझीलच्या खाणी अठराव्या शतकातल्या. म्हणजे गोऱ्यांच्या त्या अंगठीत खडा बहुधा आपलाच. आणि शकुंतलेची अंगठी? ती माशाच्या पोटात गेली आणि राजा बायकोलाच विसरला. खुणेवर विसंबण्याबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. लग्न दिसायचं ते फक्त बाईच्या अंगावर: गळा, कपाळ, पायाची बोटं. काकांकडे बघून ते विवाहित आहेत हे कळायला काकूच लागतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मंगळसूत्राचा शब्द नाही. सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं. इथे जर्मनीत बघा, नवरा-बायकोच्या अंगठ्या जोडीच्या, दोघांच्याही उजव्या हातात. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, दांडी धरलेले हात बघितले की झालं. (अमेरिकेत पुरुष ही सर्रास घालू लागले ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला. हे ग्रुपवर सांगणार नाही, मुद्दा पातळ होतो.)

हे सगळं परवा बायकोला तावातावाने वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुझी विमानात कुठे जाते?"

खिशात जाते. पहिल्यांदा ती घालून घरी गेलो तेव्हा वडील म्हणाले होते, "हे काय, बाटलास की काय?" तेव्हापासून मुंबई यायच्या आत काढतो. कुणी विचारलंच तर सांगतो, उजवा हात आहे, वरण-भात कालवताना अडकते. डावीकडे घालता आली असती, पण इथे डाव्या हातात म्हणजे नुसता साखरपुडा झालेला, आणि ते मला खटकतं. साताऱ्यात कोण बघणार होतं, देव जाणे.

खरं तर ती घातली तीही बायकोसाठी नव्हे. ऑफिसात सगळ्यांच्या हातात होती. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. आतल्या बाजूला नाव आणि तारीख कोरून घेतली, तीही श्टान्डेसआम्टच्या, म्हणजे इथल्या लग्ननोंदणी कचेरीच्या थाटात, १४.०२ अशी टिंब देऊन. बायकोचं मंगळसूत्र त्या चार वर्षांत आणि नंतरही विमानतळावर कधी निघालं नाही. ते घालावं की नाही, हेही मी तिला कधी विचारलेलं नाही.

काल रात्री अंगठी काढून बघितली. म्हणजे काढायला गेलो. बारा वर्षांत बोट जाडलंय, साबण लावूनही पेराच्या वर सरकेना.