गायरान साफ केलं, त्याच्या पुढची गोष्ट

दोन दिवस झाले गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. शेजारच्या गावात जेसीबी लावून नाल्यातली वेडी बाभूळ काढताय, मागे जोरात गाणं आणि खाली अंगठेच अंगठे. मीपण दिला अंगठा, खोटं कशाला बोलू. पण असाच व्हिडिओ मागच्या वर्षी मे महिन्यात मी स्वतः काढला होता, आमच्या गायरानावर, आणि त्यानंतर तिथं काय झालं त्याचा व्हिडिओ मात्र कुणालाच पाठवला नाही. म्हटलं आज लिहूनच टाकू.

आमचं गाव धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातलं, म्हणजे पावसाची बोंबच. गावाबाहेर गायरानाचा मोठा तुकडा आहे. लहानपणी तिथं पवन्या आणि मारवेल कमरेला लागायचं, उताराला कुसळी. दिवाळीच्या सुट्टीत तिकडून आलो की चड्डीत अडकलेली कुसळं काढता काढता माय शिव्या घालायची. त्या गवतावर अख्ख्या गावाची ढोरं जगायची, पण कागदावर त्या जमिनीचं नाव काय, तर 'पडीक'. पडीक म्हटलं की तिथं काहीही लावा, काहीही टाका, कुणी विचारत नाही. माझं तर म्हणणं आहे की निम्मं नुकसान ह्या एका शब्दाने केलंय.

वेडी बाभूळ काही आपोआप उगवली नाही इथं. मूळची ती अमेरिकेकडची. १८७७ च्या सुमारास तिचं बी जमैकाहून आंध्रातल्या कडप्याला आणलं, दुष्काळी भागाला सरपण मिळावं, उघडी जमीन झाकली जावी म्हणून. हेतू वाईट नव्हता हो. कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात वनखात्यानेच ती लावली, खारं रण पुढे सरकू नये म्हणून, आणि आज तिथले गुरं पाळणारे मालधारी तिच्या नावाने कपाळ बडवतात. तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात, गांडो म्हणजे वेडाच. दोन्ही भाषांनी नाव बरोबर ठेवलंय.

तिची खरी ताकद शेंगेत आहे. शेंग गोड असते, शेळ्यामेंढ्या आणि गुरं आवडीने खातात, बरंचसं बी पोटातून साबूत बाहेर पडतं आणि वर खतासकट पेरलं जातं. आमचे आबा दरवर्षी ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या शेतात बसवायचे, लेंडीखतासारखं खत नाही म्हणून, आणि ते खरंच आहे. पण पुढच्या पावसाळ्यात बांधाच्या कडेने ओळीने रोपं निघायची ती कसली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. एकदा आबांनी बांधावरची सगळी कुऱ्हाडीने तोडली, एका बुंध्याला आठ फुटवे आले. वरून तोडून ती मरत नाही, बुंध्याच्या खाली जमिनीत वीतभर उकरून काढावी लागते. आणि काटा असा की चप्पल सोडा, बाईकच्या टायरमध्ये घुसतो. माझ्या टाचेत एक मोडला होता, आठ दिवस लंगडत शाळेत शिकवलं.

तर मागच्या मे मध्ये आम्ही पोरांनी वर्गणी काढली, जेसीबी सांगितला, चार दिवसात गायरान चकाचक. मी भाषणपण ठोकलं. तेव्हा कोपऱ्यावरच्या एक मावशी, रोज तिथूनच सरपण न्यायच्या, त्या एवढंच बोलल्या, "तुना व्हिडिओवर मना चुल्हा पेटी का रे भाऊ?" सगळे हसले. मीपण हसलो. त्यांच्याकडे सिलेंडर आहे, पण भरायला पैसे लागतात ना. तिथं कोळसा पाडणारी दोन घरं होती, त्यांचा तर आम्ही विचारच केला नव्हता.

मग जून लागला, दोन बरे पाऊस झाले आणि उकरलेल्या जमिनीवर हिरवी लव आली. मी खुश, म्हटलं आलं गवत. जवळ जाऊन बसून बघतो तर गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं. सगळं गाजरगवत, काँग्रेस गवत! महिन्याभरात पांढरी फुलं. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात आणि ते मुळातून-पानातून असं काही सोडतं की शेजारी दुसरं बी नीट रुजत नाही. आम्ही काटे काढले आणि याला मोकळं मैदान देऊन टाकलं. काकू हाताने उपटायला गेल्या तर दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, महिनाभर मलम चालू होतं. आणि शेजारच्या कपाशीवर पिठ्या ढेकूण आला. तो गाजरगवतावर मजेत राहतो, तिथून कपाशीवर. कपाशीवाल्या भावाने मला अजून माफ केलं नाहीये.

हे गाजरगवत आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास नजरेत आलं, अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं म्हणतात. आज धुळे ते नंदुरबार रस्त्याच्या कडेने बघा, दुसरं काय दिसतं? सातपुड्यात वर गेलं की घाणेरी, ती तर इंग्रजांनी दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली होती. पक्षी फळं खाऊन बी पसरवतात आणि सागाखाली अशी गच्च जाळी होते की गवत नाही, रोपं नाही, गुराने पाला खाल्ला तर विषबाधा. ज्या शहाद्याजवळ १९९७ ला रानपिंगळा परत सापडला, शंभरावर वर्षं नामशेष समजलेला पक्षी, त्याला मोकळं, विरळ सागाचं जंगल लागतं हो, झुडपांची भिंत नाही.

आता कमेंटमध्ये कुणीतरी येईल, "सगळं परदेशी उपटून फेका". थांबा जरा भाऊ. मिरची अमेरिकेची, शेंगदाणा तिकडचाच, मग भरीत काय नुसतं वांग्याचं खाणार का? बाहेरून येणं हा गुन्हा नाहीये. मिरची आपण लावू तिथं राहते. ही मंडळी न लावता पसरतात आणि आधीच्याला जागा ठेवत नाहीत, भांडण एवढ्याचंच आहे.

यंदा आम्ही जेसीबीला हात लावला नाही. दहाच गुंठे घेतले. पाऊस पडून जमीन ओली असताना, फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून गाजरगवत उपटलं आणि त्याच दिवशी, त्याच दिवशी बरं का, तिथं तरोट्याचं बी फेकलं. तरोटा दाट आला की गाजरगवताला दाबतो, आणि कोवळा असताना भाजी होते ती वेगळीच. मेक्सिकन भुंगेपण सोडले, ते १९८४ पासून आपल्या देशात सोडतात, मुख्यतः गाजरगवताचा पाला खातात. पण आपल्याकडे पाऊस थांबला की मातीत जाऊन झोपतात, त्यांच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. मारवेलचे ठोंब मंदिरामागच्या जागेतून आणून लावले, तिथं अजून शिल्लक होतं ते. मावशींसाठी बाभळीची एक पट्टी ठेवलीय, शेंगा धरायच्या आत तोडत राहायचं असं ठरलंय. बघू कितपत जमतं ते.

काल जाऊन आलो. मारवेलचे साठेक ठोंब लागलेत, तरोटा गुडघ्याला आलाय. आता प्रश्न वेगळाच आहे. दिवाळीनंतर ठेलारी येतील, आबांच्या वेळेपासून येतात ते, आणि कोवळं गवत बघून मेंढ्या सरळ तिकडेच वळणार. त्यांना यंदा येऊ नका कसं म्हणायचं, गायरान त्यांच्यासाठीच तर होतं. नंबर आहे माझ्याकडे, अजून फोन केला नाही.