पद्मिनीचं जाम इंजिन आणि कोलाची बाटली: खुलासा

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: इंजिन जाम झालं असेल (पिस्टन सिलिंडरात अडकला असेल) तर सिलिंडरात कोला ओता, रात्रभर ठेवा आणि सकाळी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढा. दोन वर्षांपूर्वी मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हे लिहितोय.

कोलात फॉस्फरिक आम्ल असतं, त्यामुळे वरवरचा गंज थोडा निघतो, एवढं खरं. पण कोला तेलासारखा पिस्टनवरच्या रिंगांच्या फटीत मुरत नाही. उलट साखर चिकटते, पाणी राहतं आणि नवा गंज धरतो. ओढण्याचा प्रकार त्याहून वाईट. पिस्टन अडकलेला असताना ओढण्याचा सगळा जोर रिंगा आणि कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) येतो. माझ्या गाडीचं हेड (इंजिनचं वरचं झाकण) उघडलं तेव्हा दोन रिंगांचे तुकडे हातात आले.

त्याऐवजी चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात गंज सोडवणारं तेल घाला आणि आठवडाभर थांबा (हेच कुणाला जमत नाही). मग क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) नटाला पाना लावून हातानेच किंचित पुढे-मागे हलवा. हलला नाही तर पुन्हा तेल. पान्याला लांब पाइप जोडू नका. फिरू लागल्यावरही प्लग बसवण्याआधी साचलेलं तेल बाहेर काढा.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.