कंपनी मर्यादित, कटकट अमर्याद

सावद्याला केळी वेफर्सचा धंदा आहे माझा. सीए म्हणाला, "भो, प्रायव्हेट लिमिटेड करून टाक, उद्या धंदा बुडाला तरी घरदार वाचतं." झालं, लागलो मागे.

दोन नावं दिली, दोन्ही नाकारली. मिळतंजुळतं नाव आधीच आहे म्हणे! (केळीच्या पट्ट्यात केळीचं नाव नाही ठेवायचं, मग काय सफरचंदाचं ठेवू?) मग पत्त्यासाठी लाइट बिल हवं, तेही दोन महिन्यांच्या आतलं. बिल आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. मालकाची ना-हरकत आता कुठून आणू, भो? वारस लावायला तलाठ्याकडे खेटे, आणि तोवर बिल पुन्हा जुनं. नवं बिल, नवा अपलोड. असं तीनदा.

झाली एकदाची कंपनी. आता 30 दिवसांत ऑडिटर नेमा, 180 दिवसांत भांडवल आल्याचं कळवा, वार्षिक फॉर्म चुकला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. धंदा करू की फॉर्म भरू?

काल कर्जासाठी बँकेत गेलो. साहेब म्हणे, कंपनी ठीक आहे, पण संचालकांची वैयक्तिक हमी लागेल. आणि घराचा उताराही आणा.