एसी गार करेना म्हणून लगेच गॅस भरू नका

उन्हाळा लागला की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात एक मेसेज या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरू लागतो: "गाडीचा एसी गार करत नाही म्हणजे गॅस संपला. दरवर्षी भरून घ्या. तरी कॉम्प्रेसर लागत नसेल तर प्रेशर स्विचच्या तारा जोडा. लागला तर स्विच खराब. फ्यूज उडत असेल तर मोठा टाका." यातलं एकही वाक्य धड नाही, आणि लोकांचे त्यापायी हजारो रुपये जातात.

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडाफार झिरपतो खरा, पण दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे. ती आधी शोधा.

आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, लागतच नसेल तर गॅसवर ठपका कशावरून? ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या आतेभावाची गाडी बंपरपर्यंत पाण्यात उभी होती. पुढच्या एप्रिलमध्ये एसीतून गरम हवा यायला लागली. एका गॅरेजात दोनदा गॅस भरून झाला, फरक शून्य. शेवटी रविवारी आम्हीच बॉनेट उघडलं. बटण दाबलं की रिलेची (करंट सोडणाऱ्या स्विचची) टिकटिक व्हायची, पण कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या पुलीशी जोडणाऱ्या क्लचचा 'टक्' येत नव्हता. त्या क्लचला ओढणाऱ्या चुंबकी कॉइलचा कपलर (तारांचा प्लग) काढून मीटर लावला: १३.८ व्होल्ट. "करंट तर येतोय, कॉइलच गेली असणार," भाऊ म्हणाला. कॉइल मोजली, ४ ओहम. ती ठणठणीत होती.

मग कपलर परत लावला, एसी चालू ठेवला आणि कॉइलच्या अर्थच्या तारेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले ४.६ व्होल्ट! म्हणजे कॉइलच्या वाट्याला जेमतेम नऊ उरत होते. तारेचा माग काढत गेलो, तर हेडलाइटखाली बॉडीला आवळलेल्या तिच्या टोकावर हिरवट पूड साचलेली. पॉलिश पेपरने घासलं, नवं टोक बसवलं, आणि बटण दाबताच 'टक्'. गॅस पुरेसा होताच.

कपलर काढून घेतलेलं माप इथेच फसवतं. मीटर करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल; कॉइलमधून दोन-अडीच अँपिअर जायला लागले की मगच कुजका जोड उघडा पडतो. पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांत तर हे पहिल्यांदा तपासा. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे 'टक्'ची वाट पाहू नका.)

तारा जोडायचा सल्ला सगळ्यात घातक. गॅस कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. तारा जोडून तो चालवला तर कोरडा फिरून जाम होऊ शकतो. तारा जोडल्यावर तो लागला, याचा अर्थ एवढाच की स्विचने करंट तोडला होता. कदाचित आपलं काम चोख करत होता. आधी गेज लावून प्रेशर बघा. आणि स्विचऐवजी ५ व्होल्टवर चालणारा तीन तारांचा सेन्सर असेल, तर त्याच्या तारांना हातच लावू नका.

मोठा फ्यूज टाकलात तर फ्यूजऐवजी तार जळेल.

फतेगंजच्या पुलावर वेगात असताना गार आणि सिग्नलला थांबलं की गरम, असं होत असेल तर एसी चालू ठेवून कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा फिरतोय का ते बघा. फिरत नसेल तर त्याचा फ्यूज, रिले, मोटर आणि अर्थ तपासा, मग गॅसचं बोला.