आधी ओपीडीचा वार शोधा, मग फलक छापा

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की गावोगाव मानसिक आरोग्याचे कार्यक्रम सुरू होतात. रॅली निघते, शाळेत भाषण होतं, फलकावर ‘मनमोकळं बोला’ लिहिलेलं असतं. पण एखादी बाई खरंच बोलली, तर तिला कुठे पाठवायचं, कोणत्या वारी, कोणाकडे, गोळ्या मिळतील का, हे त्या फलकावर नसतं. माझं मत स्पष्ट आहे: मदतीची वाट तयार नसताना जागृती करू नये. माणूस धीर करून एकदा बोलतो आणि हाती काही लागलं नाही, तर पुन्हा तोंड उघडत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं होतं. याचं खापर सगळं लोकांच्या अज्ञानावर फोडणं सोपं आहे. बुडणारी मजुरी, एसटीचं भाडं, संपलेला औषधसाठा आणि ‘कोणी पाहिलं तर’ ही भीती, एवढ्या गोष्टीही तितक्याच आड येतात.

म्हणून कार्यक्रमाची तारीख ठरवण्याआधी जिल्हा रुग्णालयात जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तिथे असतं. ते कोणत्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं, कोणत्या खोलीत बसतं, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, हे लिहून घ्या. औषधांच्या खिडकीवर चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही मनोरुग्णालयांची नावं ऐकूनच घरचे घाबरतात, पण बहुतेकांना तिथे जायची गरज नसते, बाह्यरुग्ण विभागात काम भागतं. फलकावर हा वार आणि खोली छापा. खाली १४४१६ छापा. ही ‘टेली मानस’ची मोफत, चोवीस तास चालणारी सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शिबिराला ‘मनोविकार तपासणी’ असं नाव दिलं की कोणी फिरकत नाही. बीपी-शुगरच्या तपासणीतच हे काम करा. एकच रांग, एकच केसपेपर, फक्त आतल्या खोलीत दहा मिनिटं जास्त. पहिला प्रश्न झोपेचा विचारा, मग जेवण, अंगदुखी, छातीतली धडधड, कामात लक्ष लागतं का. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस असंच चाललं असेल तर शेवटी शांतपणे विचारा, ‘जगणं नको वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. रुग्णाला सांगूनच घरातल्या एका विश्वासू माणसाला सोबत घ्यायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशक कुठे ठेवलंय हेही विचारा. ते घराबाहेर, कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, एवढ्या बदलानंही जीव वाचतात, कारण टोकाची लाट बऱ्याचदा काही तासांत ओसरते.

इथवर सगळीकडे सारखं. पुढे मात्र प्रत्येक वस्तीचं गणित वेगळं होतं आणि एकच पत्रक सगळीकडे वाटणारे इथेच फसतात.

ऊसतोड कामगारांचं घ्या. दिवाळीच्या आसपास बीडकडची कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत. डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, एक दिवस चुकला की खाडा. पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन ‘पुन्हा या’ म्हणणं म्हणजे उपचार बंद पाडणं. निघायच्या आधी, सप्टेंबरातच, डॉक्टरांकडून जास्त दिवसांची औषधं आणि कारखान्याच्या परिसरातल्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यायला हवी. केसपेपरचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये हवा, कारण पालात कागद भिजतो. आत्महत्येची भीती असेल तर मोठा साठा रुग्णाच्या हाती न देता सोबतच्या माणसाकडे ठेवायचा. झोप आणणारी गोळी नव्यानं सुरू झाली असेल तर पहाटे कोयता हातात घेणं धोक्याचं, हे डॉक्टरांना सांगून वेळ किंवा गोळी बदलून घ्यावी. आणि लिथियम (बायपोलर आजारावरची गोळी) चालू असेल तर फार जपा. उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी होतं, वरून अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली जाते. दोन्हींमुळे रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. जोरात हात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं दिसलं की लगेच दवाखाना. ही चार वाक्यं कोणत्याही पत्रकात नसतात, आणि फडात खरी गरज त्यांचीच असते.

लिथियमचाच धोका मालेगाव, भिवंडीच्या वस्त्यांत रमजानमध्ये समोर येतो. दिवसभर पाणी नाही. गोळ्या दिवसातून तीनदा असतील तर माणूस मधली आपोआप सोडतो आणि ईदपर्यंत आजार उलटतो. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोललं तर बऱ्याच औषधांची वेळ इफ्तार-सहरीला बसवता येते, आणि काहींना रोजा न ठेवण्याचा सल्ला द्यावा लागतो. आजारी माणसाला रोजातून सूट आहे, ही गोष्ट मौलवींच्या तोंडून आली तर घरचे निर्धास्त होतात. म्हणून मशिदीत आधी जा, पत्रक नंतर.

आदिवासी पट्ट्यात लोक आधी मांत्रिकाकडे जातात: मेळघाटात भूमका, पालघर-नंदुरबारकडे भगत. त्यांच्यावर तुटून पडणारे कार्यकर्ते पहिल्याच दिवशी दार बंद करून घेतात. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावानं काम उभं राहिलं. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसतो आणि मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवक, लोकांना त्याच्याकडे पाठवतात. आपल्याकडेही भगताला एवढंच पटवायचं: विधी करा, पण गोळी बंद करायला सांगू नका, आणि पुढची लक्षणं दिसली तर रुग्णाला एक दिवसही थांबवून ठेवू नका. ताप येऊन बरळणं, झटके, दोन दिवस अन्नपाणी न घेणं, मरणाची भाषा. गडचिरोलीसारख्या भागात ताप आणि बरळणं म्हणजे मेंदूपर्यंत गेलेला मलेरियाही असू शकतो, तिथे तासांवर जीव अवलंबून असतो. मारहाण, चटके, साखळी यांत मात्र तडजोड नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ नं साखळीनं बांधायला बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीच्या आगीत साखळीत अडकलेली २८ माणसं पळता न आल्यानं गेली, हे विसरता येत नाही.

बाळंतिणींसाठी नवी यंत्रणा उभारायची गरजच नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. बाळाचं वजन करताना आईला दोन प्रश्न विचारायचे: मन उदास राहतं का, कशातच गोडी वाटत नाही का. सासूसमोर नको, बाळाला अंगावर पाजायच्या निमित्तानं आत जाऊन. पहिल्या दोन आठवड्यांत अजिबात झोप नाही, भलते संशय, बाळाबद्दल विचित्र बोलणं असं दिसलं तर ती ‘बाहेरची बाधा’ नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय, आणि तोवर आई-बाळाला एकटं ठेवायचं नाही.

कर्णबधिरांना हेल्पलाइनचा आवाज ऐकूच येत नाही. त्यांच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो, आणि तो घरचा नसावा, कारण तक्रार घरच्यांविषयीच असू शकते. समलैंगिक आणि तृतीयपंथी मुलांना ‘बदलून आणा’ म्हणून डॉक्टरकडे नेणाऱ्या पालकांना ठामपणे सांगा, असा उपचार नसतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये त्याला गैरवर्तन ठरवलं आहे.

आता समुपदेशनाविषयी, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. गोव्यात ‘संगत’ संस्थेनं दाखवून दिलं की मानसशास्त्राची पदवी नसलेली स्थानिक माणसंही नैराश्यात नेमकी मदत करू शकतात. ६ ते ८ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. भेटीत उपदेश नसतो. माणसानं काय काय करणं सोडलंय ते शोधायचं, त्यातली एक लहानशी गोष्ट आठवडाभरासाठी ठरवायची, जसं संध्याकाळी शेजारणीकडे जाणं, आणि पुढच्या भेटीत काय अडलं ते पाहायचं. हे टिकलं कारण समुपदेशकांच्या कामावर नियमित चर्चा व्हायची. आपल्याकडे दोन दिवसांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र, गटफोटो, आणि मग तीच ताई रुग्णाला ‘जास्त विचार करू नका’ सांगत बसते. महिन्यातून दोनदा देखरेखीची बैठक घेता येणार नसेल तर प्रशिक्षण घेऊच नका.

गोळ्यांचंही पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, पण मळमळ पहिल्या आठवड्यातच येते. हे न सांगितल्यामुळे कित्येक जण पाचव्या दिवशी गोळी टाकून देतात. बरं वाटल्यावरही निदान ६ ते ९ महिने चालू ठेवावी लागते आणि बंद करायची तर डॉक्टरच्या सांगण्यावरून, हळूहळू.

आणि अहवालात शिबिराला किती आले हा आकडा लिहू नका. पहिल्या भेटीनंतर तिसऱ्या भेटीला किती जण आले ते लिहा. जे आले नाहीत त्यांच्या घरी पंधरा दिवसांच्या आत कोण गेलं आणि अडचण काय निघाली, गाडीभाडं, खाडा, गोळीचा त्रास की सासरच्यांची बंदी, हे नाव न लिहिता नोंदवा. पुढच्या वर्षीचं बजेट त्या रकान्यावरून ठरवा.